मोरोक्कोच्या साहेबाला बदामाचं दूध

मला सांगा, ताटभर बदाम भिजवायचे, सोलायचे, वाटायचे, फडक्यातून पिळायचे आणि चांगला चोथा बाजूला काढायचा, ही काय रीत झाली? पण आमच्या सूनबाईचा, वैशालीचा, साहेब पडला मोरोक्कोचा. तो इथे परदेशात, पासिर रिसला, आमच्या फ्लॅटवर येणार, म्हणून हिला त्याच्या देशाचं बदामाचं दूध करायचं होतं. सोलायला अर्थात मी.

"बाबा, वेलची टाकू नका हं. यात संत्र्याच्या फुलांचं पाणी घालतात."

"दुधात अत्तर? घाल, तुझा साहेब आहे."

तिची रखडलेली बढती त्याच्या हातात होती, म्हणून पुढचं गिळलं.

साहेब आला. त्याने ग्लास रिकामा केला, मी भरला. त्याने तोही संपवला, मी परत भरला. माणूस घामाघूम झाला, पण थेंब ठेवीना.

वैशाली दात आवळून म्हणाली, "बाबा, बास करा! वडीलधाऱ्यांनी दिलेलं त्यांच्यात नाकारत नाहीत."

"आणि आपल्यात पाहुण्याचा ग्लास रिकामा ठेवतात का?"

शेवटी साहेबाने तिला इंग्रजीत काहीतरी विचारलं. तिने त्याला एक मराठी शब्द शिकवला. मग त्याने पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबा, पुरे."

काय गुणी माणूस! आमच्यात पाहुणा पुरे म्हणाला की आग्रहाचा एक ग्लास द्यावाच लागतो.

दिला.