उदगिरात पायी चालायचं म्हणजे...

...तर पुन्हा एक गाडी थांबली! थांबणारच हो! उदगिरात माणूस पायी दिसला आणि शेजारी गाडी थांबली नाही, असं कधी झालंय? काच खाली, डोकं बाहेर, "अगं, महादेवप्पाची शिवकन्या ना तू? पायी? बस की!" म्हटलं, नको काका, चालतेय मी. "पण का?" आता का म्हणजे काय? पाय आहेत म्हणून! "गाडी बंद पडली?" आणलीच नाही! "मग घरी भांडलीस?" नाही हो! झालं... कुणाच्या तेराव्याला गेल्यावर करतात ना, तसलं तोंड केलं त्यांनी. "बस की लेकी, लाजू नको." मी लाजत नव्हते! मी चालत होते! आणि तुम्हाला सांगते, मी चालणार म्हणजे चालणार!

मी चार वर्षं वेलिंग्टनला शिकले. न्यूझीलंड. तिथं लोक ऑफिस सुटलं की शहराच्या डोक्यावरच्या टेकड्यांवरून चालत घरी जातात. वळणावळणाला रंगाची खूण, आणि वर गेलं की खाली अख्खं शहर, पलीकडं समुद्र... मी तिथं उभी राहून रडले. का? आमचा माळ आठवला म्हणून! हसताय? हसा. गावामागच्या त्या माळावर उन्हं येताना कधी गेलात? खाली किल्ल्याचे बुरूज, मोंढ्यातल्या धान्याच्या गोदामांचे पत्रे चमकतायत, डाळमिलचं धुराडं, मशिदीचे मिनार, मठाचं निशाण, आणि स्टेशनात शिरणारी गाडी, काडेपेट्या ओवल्यासारखी! सगळं गाव ओंजळीत! जन्म गेला इथं आणि एकानं बघितलं नाही. का? तर वर चालत जावं लागतं!

आणि त्या पायवाटेवर आता सिमेंटचा रस्ता होणार म्हणे. गेले इंजिनियर साहेबांकडं. म्हटलं, साहेब, कशाला? साहेबांच्या तोंडात पान. "म्याडम... लोकान्ला चालायला लागू नाई म्हनून." आणि लोकांना चालायचं असेल तर? तेव्हा साहेब इतके हसले, इतके हसले की पान वाया गेलं. "कोन चालतंय? दाखवा की! रविवारी सकाळी येतो. धा माणसं पायी वर चढताना दिसली, तर रस्ता पलीकडून नेतो. नाई दिसली, तर सोमवारी जेसीबी."

म्हटलं, दाखवते!

शनिवारी मी रंग आणला. दुकानदार म्हणाला, लांबून दिसायला शेंदरीच घ्या. घेतला. प्रत्येक वळणावर एक दगड उभा केला, शेंदरी रंगवला, त्यावर पांढरा बाण. आणि सगळ्यात वर, जिथून गाव दिसतं, तिथं मोठा दगड. त्यावर काय काढावं? तिकडं काढतात तेच काढलं. दोन डोळे! म्हणजे 'इथून बघा'. पांढरे, चांगले टपोरे, मधे काळं बुबुळ. आता तुम्ही हसताय ना, तसं तेव्हा मला कुणीतरी हसायला पाहिजे होतं! अप्पा येऊन बघून गेले. "काय करलालीस?" खुणा करतेय, अप्पा. अप्पांनी दगडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, टोपी सारखी केली आणि काही न बोलता मोंढ्यात गेले. बापानं तरी बोलायचं ना!

रविवार उजाडला. अख्ख्या गल्लीला सांगितलेलं. सगळे "हाव, हाव" म्हणालेले. पायथ्याला कोण? मी. आणि घड्याळ बघत साहेब. आणि आमच्या शेजारचा यासेर, ॲटो घेऊन! "शिवक्का, पैदल कायको? बैठो ना! मागच्या कच्च्या रस्त्यानं वर सोडतो." यासेर, तू चालायला आलायस! "तो क्या? ॲटो इथं एकटा सोडू?" तेवढ्यात गल्लीतल्या उमादेवी काकूंचा फोन. "अगं, आम्ही सगळे मागनं गाडीवर डायरेक वर आलोत. तू ये सावकाश चालत. पोहे आणलेत." साहेब गोड हसले. "म्याडम, मग तुमी एकट्याच?" हो, एकटी! मी चालणार म्हणजे चालणार! आणि डोळ्यांतलं पाणी पुसत, रागानं, दगडामागून दगड ओलांडत मी वर गेले.

वर बघते तर काय? अख्खी गल्ली हात जोडून उभी! समोर इतका सुंदर देखावा, आणि सगळ्यांची पाठ गावाकडं! तोंड कुठं? माझ्या दगडाकडं!

काकू कुजबुजल्या, "कधी प्रकट झाला ग?"

काकू, मी रंगवलाय तो! काल! ब्रशनं!

"हाव की. देव कुणाच्या ना कुणाच्या हातानंच रंगवून घेतो."

म्हटलं, काकू, ही खूण आहे, असल्या खुणा वाटेवर प्रत्येक वळणाला आहेत. बोलून गेले आणि काकूंचा चेहरा पांढराफटक. "वाटेवर बी हायत? म्हंजे खालचे सगळे सोडून आपण थेट थोरल्याकडं आलो? अगं बाई, हे चालत न्हाई!" आणि पदर खोचला, चपला तिथंच सोडल्या, आणि गल्ली निघाली खाली! फोन झाले, माणसं वाढली. खालून पुन्हा वर, अनवाणी, प्रत्येक बाणाला हात लावत, फूल ठेवत! यासेरसुद्धा! म्हटलं, अरे तू कशाला? "शिवक्का, सगळं गाव पैदल निघालं, मी एकटा ॲटोत बसू? अच्छा दिखता क्या?"

गर्दीमागून साहेबही वर आले आणि त्यांनी बूट काढले. मला बाजूला घेतलं. "म्याडम, खरं सांगा. देव हाय का खूण?"

आता बघा हं. देव म्हटलं असतं तर वाट वाचत होती. एक शब्द! पण मी त्यासाठी का परत आलेय? म्हटलं, साहेब, खूण आहे. देव नाही. पण माणसं चालतायत, ती बघा, ती खोटी नाहीत!

साहेबांनी दगडाकडं बघितलं. दगड साहेबांकडं बघतच होता. सोमवारी ज्यांचा जेसीबी येणार होता ते धोंडप्पा गर्दीतून म्हणाले, "साहेब, ताई खूण म्हणत्यात. म्हणू द्या. मला लेकरंबाळं हायत."

रस्ता पलीकडून गेला! जिंकले की नाही? जिंकले!

आता दर सोमवारी माळ माणसांनी फुललेला असतो. सगळे चालत! गाव बघतंय का कुणी? एकही नाही! परवा मी गेले, माझ्या वाटेवर, माझे चांगले चालायचे बूट घालून, तर पायथ्यालाच काकू कडाडल्या, "बूट काढ आधी!" काढले. वर पोचले, गावाकडं तोंड करून उभी राहिले, उन्हं येत होती, गाडी स्टेशनात शिरत होती... "शिवकन्या, देवाकडं पाठ करू नको!" वळले. आणि वळताना बाभळीचा काटा, असा आरपार!

लंगडत लंगडत खाली आले. यासेरचा ॲटो उभा.

"बस की, शिवक्का."

म्हटलं, यासेर, तुला माहीत आहे, मी चालणार म्हणजे...

बसले.

त्यानं आरशातून बघितलं, अगदी अदबीनं. "फिटला का नवस?"

म्हटलं, हाव बाबा. चल.