झालो गं कुशीवर

दाक्षायणी : हलू नका काका. झोपेची तपासणी संपली, डोक्याच्या वायरी काढतेय, केस ओढले जातील.

महिपती : केसाचं काय घेऊन बसलात ताई! किती वाजलं?

दाक्षायणी : सव्वासहा.

महिपती : सकाळचं? अपेक्षा! आगं, रात्रीत एकदाबी लघवीला उठलो न्हाय! आन् डोस्कं बघ, कापसावानी हलकं झालंय!

अपेक्षा : हळू आप्पा. शेजारच्या खोलीतला पेशंट झोपलाय.

महिपती : झोपू दे की. मी झोपून उठलोय! सपानबी पडलं. श्रीपूरच्या कारखान्याची रांग, माजा ट्रॅक्टर पैल्या नंबरला, मागं उसानं भरल्याल्या दोन ट्रॉल्या...

अपेक्षा : त्याच रांगेत तुम्हाला डुलकी लागली होती. आई जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता.

महिपती : व्हय. म्होरल्या गाडीचं बैल बाजूला झालं म्हणून निभावलं. त्यासाठीच तर आलो न्हवं हितं? चावी लपवलीयास ती दे आता. धा दिसांत हंगाम सुरू हुतोय.

दाक्षायणी : आधी हे बघा. पहिले काही तास मशीन न लावता झोपवलं होतं. ही श्वासाची रेघ. इथं सपाट झाली.

अपेक्षा : किती वेळ?

दाक्षायणी : चाळीस सेकंद. असं तासाला बेचाळीस वेळा.

अपेक्षा : बेचाळीस! आम्हाला वाटायचं, घोरणं थांबलं, आता शांत झोप लागली.

दाक्षायणी : सगळ्यांना तसंच वाटतं. घसा मिटतो, श्वास अडतो, मग माणूस दचकून श्वास घेतो. रात्रभर तेच, म्हणून दिवसा डुलक्या. आता मशीनचा मास्क लावल्यानंतरची रेघ बघा. त्यातल्या हवेच्या दाबानं घसा उघडा राहतो.

अपेक्षा : अगं बाई! सलग आहे की!

दाक्षायणी : तासाला तीन! एका रात्रीत एवढा फरक मी फार कमी वेळा बघितलाय.

महिपती : बघ! म्हनलं न्हवतं?

अपेक्षा : तुम्ही म्हणालात, 'नाकाला कुत्र्यावानी मुसकं बांधून घेनार न्हाय.'

महिपती : ते काल म्हनलो.

दाक्षायणी : काका, एक विचारू? मास्क लावायच्या आधी श्वास अडला की तुम्ही झोपेतच पुटपुटायचात. 'झालो गं, झालो कुशीवर.' आणि खरंच वळायचात. कोणाला म्हणत होता?

महिपती : मी?

अपेक्षा : आईला. ती कोपर मारायची. 'कुशीवर व्हा.'

महिपती : लई भांडलो त्यापायी. झोपू देत न्हाईस म्हनून बाज भाईर वट्यावर नेली. तर वाकळ घिऊन तितं आली.

दाक्षायणी : त्यांना कळत होतं, काका. कुशीवर झालं की श्वास मोकळा होतो.

महिपती : तीस वर्सं, ताई. आन् मी तिला भांडकुदळ म्हनायचो.

(दाक्षायणी वायरी गुंडाळून ठेवते.)

दाक्षायणी : डॉक्टर दहाला येतील. बहुतेक मशीन घरी देतील. रोज किती तास लावलं ते त्यात नोंदलं जातं. पंधरा दिवसांनी ती नोंद बघून ट्रॅक्टर चालवायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील.

महिपती : पंधरा? ...बरं. पैल्या खेपा पुतन्या दिग्विजय करंल. चावी ऱ्हाऊ दे तुज्याकडंच.

अपेक्षा : आईच्या बांगड्यांच्या डब्यात आहे. डॉक्टर हो म्हणाले की मीच आणून देईन.

महिपती : मग तोंड का उतरलं? समदं चांगलंच झालं की.

अपेक्षा : दुपारची भांडी झाली की आई भिंतीला टेकून झोपायची ना, आप्पा. मी माहेरी आले की तिला हलवून उठवायचे. म्हणायचे, किती झोपतेस गं.