फुकटातली दाढी

डॉलरचा विषय काढलाच हाय, तर ऐका. आजबी आठवलं की टाळकं सणकतं माझं.

बहात्तरच्या दुष्काळात माझा भाचा अमेरिकेत शिकून आमच्या गावाला आला. पारावर महादू न्हावी तेची दाढी करत होता, आन् ह्याचं तोंड चालूच. "मामा, नुसता डॉलरचा भाव बघून देश गरीब ठरवायचा नसतो. तिकडं एका डॉलरात एक माणूस जेवतो, इथं तेवढ्यात अख्खं घर जेवतं." मग महादूला विचारलं, "दाढीला काय घेता हो?"

"पैसे न्हाय घेत," महादू म्हणाला. "सुगीला बलुतं मिळतं. जवारी."

"म्हणजे फुकटच! बघा मामा, किती स्वस्ताई!"

मी उसळलोच. "फुकट? सुगीच झाली न्हाय, तेच्या घरात दाणा न्हाय, तरी हा गावाच्या दाढ्या करतोय. तेला तू स्वस्ताई म्हनतोस व्हय रं?"

गडी वरमला. खिशातली एक डॉलरची नोट महादूच्या हातावर ठेवली, "इथं हिला फार ताकद आहे," म्हणाला, आन् दुपारच्या येष्टीनं गेला.

महादू ती नोट घेऊन उन्हातनं चालत लोहाऱ्याच्या बाजाराला गेला. दुकानदारानं उलटीपालटी करून बघितली आन् परत दिली. पसाभर जवारी सोडली न्हाय भाड्यानं.

संध्याकाळी महादू माझ्या दारात आला. नोट माझ्या हातात दिली आन् म्हणाला,

"आण्णा, भाच्याला कळवा. दाढी फुकटच झाली."