बिननावाची घागर

जमलेल्या आप्तेष्टांनो, शेजाऱ्यांनो, आणि मामाजींच्या जिनिंग कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांनो,

खरं तर इथे यांनी उभं राहायचं होतं. मुलगा आहेत, मान त्यांचा. पण यांच्यानं बोलवेना, म्हणून सुनेला पुढे केलं. मलाही हे सोपं नाही. त्याचं कारण नुसतं दुःख नाही, हे समोर बसलेल्या अक्कांना ठाऊक आहे. अक्का म्हणजे मामाजींची थोरली बहीण. अकोल्याहून आल्या आहेत. आत येताना दारातच त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "काही बी बोल त्याच्याबद्दल. पन तो विषय काढला त मी उठून जाईन."

अक्का, माफ करा. तो विषय सोडून मामाजींबद्दल काय बोलू? शेवटची वर्षं त्यांनी दुसरं केलंच काय?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या घराला लोक 'सायबाचे' म्हणतात. अमेरिकेत आपसातली लढाई पेटली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं, तेव्हाची गोष्ट. त्या धामधुमीत जॉर्ज केर नावाचा स्कॉटलंडचा मिस्त्री गाठी दाबायचं यंत्र घेऊन अमरावतीला आला. मामाजींची खापरपणजी बायजा त्या यंत्राच्या आवारात कापूस निवडायची. दोघांनी घर मांडलं. मुलगा झाला. त्या मुलाचे आम्ही सारे. इथवर घरात कोणाची ना नाही. एखादं पोर गोरं निपजलं की आम्हीच हसतो, आला सायब म्हणून.

भांडण आहे ते घागरीचं. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपण पितरांच्या घागरी भरतो, एकेकाचं नाव घेतो. आमच्याकडे एक घागर जास्तीची असते. तिला नाव नाही. सासूनं सुनेला सांगायचं, सुनेनं भरायची, आणि घागरीच्या गळ्यावर एक बांगडी ठेवायची. घरात सगळे समजत, ही सायबाची घागर. बांगडी ही बायजाचं कुंकू पुसलं तेव्हाची आठवण. आणि घागर तर मेलेल्याचीच भरतात. म्हणजे साहेब इथेच मेला! झालं. एवढ्या समजुतीवर मामाजींनी अमरावती, अकोला, चिखलदरा, सगळीकडची गोऱ्यांची कबरस्तानं पालथी घातली. काट्याकुट्यात शिरून ते दगड पुसायचे, मी अक्षरं लावायची. केर साहेब कुठेच नाही.

मग आम्ही स्कॉटलंडच्या कागदांकडे वळलो. तिथले जुने जनगणनेचे कागद, चर्चच्या नोंदवह्या, आता घरबसल्या पाहता येतात. मामाजी फिटर माणूस. इंग्रजी जेमतेम. माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे. मी भराभर पानं सरकवली की म्हणायचे, "घाई नोको करू, सूनबाई. एकेक नट कसत चाल."

आणि साहेब सापडला. जिवंत! डंडी नावाच्या गावात, तिकडच्या बायकोसह. अक्का तेव्हा हसल्या होत्या. "त्या नावाचे छप्पन असतीन तिकडं." खरंच होतं ते. पण त्याच घराच्या रकान्यांत खाली एक मुलगी होती. ॲग्नेस. आठ वर्षांची. जन्म कुठला? हिंदुस्थान, उमरावती, म्हणजे आपली अमरावती.

मंडळी, मी ती ओळ पुन्हा वाचली. आमच्या घरात मुलगी झाली होती असं कोणीच कधी बोललं नव्हतं. चर्चच्या वहीत तिचा बाप्तिस्मा मिळाला. बापाचं नाव होतं. आईच्या नावाची जागा कोरी होती.

मामाजी उठले. देवघरातून मागच्या अखाजीची बांगडी घेऊन आले. "ही तुह्या हातात जाते काय?"

कशी जाणार? ती लहान मुलीच्या मापाची होती. दर वर्षी मीच आणते. आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, सांगितलं होतं, लहानच आणायची. मला वाटायचं, घागरीचा गळा अरुंद म्हणून असेल. माझ्या आधीच्या सुनांनाही असंच काही वाटलं असेल. विचारलं कोणीच नाही. घागर साहेबाची नव्हतीच, त्या लेकीची होती.

मामाजींनी अक्कांना बोलावून घेतलं. त्या दिवशीचं बोलणं मी दारामागून ऐकलं आहे, आणि आज ते लपवणार नाही.

अक्का म्हणाल्या, "म्हंजे आमच्या बायजानं पोटची पोर सायबाले देऊन टाकली? हे सांगशीन तू जगाले?"

मामाजी म्हणाले, "देली का त्यानं नेली, मले काय ठाऊक, अक्के?"

"मंग गप राह्य."

मामाजी गप्प राहिले नाहीत. बहीणभाऊ त्यानंतर एकमेकांशी बोलले नाहीत. शेवटपर्यंत.

ते पुढची जनगणना शोधत राहिले. ॲग्नेस तरुण झालेली. तागाच्या गिरणीत कामाला. बापाच्या घरात नाही, कोणा परक्याकडे भाड्यानं राहिलेली. आणि जन्मस्थान, पुन्हा उमरावती. मामाजींनी तिथे बोट ठेवलं आणि लहान पोरासारखे रडले. म्हणाले, "त्या घरमालकिणीले काय मालूम उमरावती? मोजणीवाल्यानं इचारलं असंन, आन् हिनंच सांगतलं असंन." त्यानंतर तिची एकच नोंद आहे, दफनाची. लग्नाची नाही, मुलाबाळांची नाही.

मामाजींनी ठरवलं होतं, या अखाजीला ती घागर नावानं भरायची. अखाजी तोंडावर आली आणि तेच गेले. आता घागर मी भरणार. नाव घेऊ की नको? घरातले अर्धे म्हणतात घे, अर्धे म्हणतात मेलेल्या बायजाची अब्रू काढू नकोस. मला भीती वाटते. पण आपल्याकडे अखाजीला लेकी माहेरी येतात. ही एकच लेक दर वर्षी येते, आणि तिला हाक मारायला आमची जीभ रेटत नाही. ही कसली अब्रू?

अक्का, उठलात? मागच्यांना ऐकू आलं नसेल, मी सांगते. अक्का म्हणतात, "त्यानं नेली असं म्हन. मंग घे नाव."

नाही म्हणू शकत, अक्का. कागदात तसं नाही. ओढून नेली असेल, उपाशी मरू नये म्हणून दिलीही असेल. भाव पडले होते, पदरात दोन लेकरं होती. मला माहीत नाही. तुमच्या भावालाही माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं ते कधी बोलले नाहीत. पण बायजा तिला विसरली नव्हती, एवढं खरं आहे. बांगडीची रीत तिनंच लावून दिली.

मंडळी, सगळ्यांनी दोन मिनिटं शांत उभं राहावं. दोन नावं घेते. आमचे मामाजी, तुमचे नाना. आणि ॲग्नेस, बायजाची लेक.

अक्का, तुम्ही उभ्याच आहात. शांतता संपेपर्यंत तशाच राहा. मग जायचं तर जा.