पाटीचे स्क्रू

शिक्षणमंत्र्यांच्या दालनाबाहेर आम्ही बसलो होतो. शिपाई स्टुलावर चढून दारावर नव्या मंत्र्यांची पाटी लावत होता. माझ्या शेजारच्या शिक्षिकाबाईंनी त्याला विचारलं,

"आधीचे साहेब कुठे गेले?"

"फेरबदल झाला ना काल. त्यांना मासेमारी खातं दिलं."

"आणि या नव्यांना शिक्षणातलं कळतं का?"

"काल दुपारपर्यंत रस्ते बघत होते, बाई. दमानं घ्या."

"माझ्या अर्जाचं काय?"

"नव्यानं करा. साहेब बदलले की जुने अर्ज बाद."

"अहो, हा चौथा होईल! शाळेला दुसरा शिक्षक मागतेय. पहिला अर्ज केला तेव्हा पहिलीत होती ती पोरं आता चौथीत गेली."

"या वेळी वर नाव घालू नका. नुसतं 'माननीय मंत्री' लिहा."

"बरं, तसंच लिहिते. पण पाटीला भोकं चार आणि स्क्रू दोनच?"

"एकवीस वर्षं पाट्या बदलतोय. चार लावले की काढताना मनगटाची वाट लागते."

"चारही लावा हो. एवढं माझं ऐका."

त्यानं बाईंच्या हातातल्या अर्जाकडे पाहिलं आणि खिसा चाचपला.

"तीन लावतो."