बिनआवाजाची बस

मतदानाच्या रांगेत बाईंच्या पुढेच बस डेपोतला ड्रायव्हर आणि म्हातारा मेकॅनिक उभे होते. शाळेतून निवृत्त झाल्या, तरी बाईंचे कान अजून वर्गातलेच होते.

“हा पक्ष आला, तर डिझेलच्या बस जाऊन विजेच्या येणार, दादा. तुम्हाला शिकवणारही आहेत.”

“या वयात? मी इंजिनाचं दुखणं कानानं ओळखतो. ती विजेची बया तर तोंडातून ब्र काढत नाही!”

“वहिनी गप्प बसल्या, की बिघाड कळतो ना?”

“लगेच कळतो! हल्ली नुसती खोकते रे. डेपोच्या भिंतीला लागून घर, दिवसभर धूर.”

मेकॅनिक मत देऊन बाहेर आला.

“कुणाला दिलंत, दादा?”

“मत गुप्त असतं, गाढवा! ते शिकवणं कधीपासून म्हणालास?”