कापलेलं चौथं रीळ

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. माणूस माणसाच्या जिवावर उठतो, तेव्हा त्याच्या मनात काय असतं? राग? — आलं लगेच उत्तर! अहो, राग तर भाकरी करपली तरी येतो. तेवढ्यावर कुणी कुऱ्हाड उचलतं का? बायांनो, हसू नका, तुमचे मालक पुढंच बसलेत!

तर एक गाव होतं. नाव सांगत नाही, तुमच्यातलेच कुणी तिथले पाव्हणे निघतील! गावाची जत्रा, जत्रेत तंबूतला सिनेमा. हमीदभाई मशीनवाले रिळांच्या पेट्या घेऊन आले. जत्रा कमिटीचे अध्यक्ष रंगनाथअण्णा शेलार. त्यांनी विचारलं, "भाई, सिनेमात वंगाळ काही नाही ना?"

"खून आहेत, अण्णा. अकरा."

"ते असू द्या हो! वंगाळ म्हणजे... प्रेमबिम?"

"आहे थोडं. चौथ्या रिळात."

"शिव शिव! लेकीबाळी बघायला येतात. काढा ते रीळ!"

वा रे कमिटी! ठराव झाला, एकमतानं! फलक लागला — 'अकरा खून! सहकुटुंब पाहावा!' म्हणा, विठ्ठल विठ्ठल!

आता अण्णांना प्रेमाचं एवढं वावडं का? त्यांची एकुलती लेक वैजयंता. तळहातावरच्या फोडासारखी जपलेली! तिनं तीन वर्षांपूर्वी आपल्या मनानं लग्न केलं, आणि अण्णांनी दार लावलं. यंदा तिचा निरोप आला होता — "जत्रेला येतेय. उंबऱ्याशी उभी राहू द्या. आईच्या हातचं पाणी पिते नि जाते." अण्णांनी काय केलं? कोयत्याला धार लावली आणि दाराआड ठेवला!

इकडं सिनेमा लागला. तिसरं रीळ संपलं, एकदम पाचवं सुरू! सिनेमातला सायकली दुरुस्त करणारा गरीब भैऱ्या कुऱ्हाड घेऊन सुटला! एक पडला, दोन पडले, तीन पडले! धोंडाआजी ओरडली, "अगं बया, याच्या पोटात दुखतंय तरी काय?" सगळा तंबू उठला — हा का मारतोय ते दाखवा!

अध्यक्ष म्हणाले, "आधी ते चौथं रीळ मी तपासतो." एकटेच हं, मशीनवर तेवढे हमीदभाई! दुसऱ्या दिवशी भर दुपारी, समाजमंदिराच्या खिडक्यांना घोंगड्या लावून! उपरणं हातात, डोळे झाकायची तयारी!

आणि पडद्यावर काय? भैऱ्याशी लग्न केलेली एक पोरगी माहेरच्या उंबऱ्याशी उभी. म्हणते, "बाबा, पाणी तरी द्या." बापानं दाराआडून कोयता काढला. मागं दहा भाऊबंद उभे. एकानंही बापाचा हात धरला नाही.

बाप एक, भाऊबंद दहा. किती झाले, मंडळी?

हो, अकरा! मग भैऱ्या काय साधू झाला? मुळीच नाही! तो फासावरच जायला हवा. पण त्याच्या कुऱ्हाडीमागं काय होतं, ते कमिटीनं डब्यात बंद केलं होतं.

अण्णा रडत होते, मंडळी. हमीदभाईंना म्हणाले, "खून अकरा नाहीत, भाई. बारा आहेत. पहिला मीच कापायला लावला."

तिथून उठले ते तडक घरी. वाटेत जत्रेतून एक शहाळं घेतलं. दारात वैजयंता उभी! घाबरलेली, मान खाली. अण्णांनी दाराआड हात घातला, कोयता काढला. पोरीनं डोळे मिटले. आई आतून किंचाळली, "अहो!" अण्णांनी मटकन खाली बसून शहाळं सोललं आणि लेकीपुढं धरलं. म्हणाले, "पाणी मागितलं होतंस ना? उशीर झाला, बाळ."

धार कुणी लावली होती? रागानं? अहो, परक्याच्या पोरीसाठी कुणी तीन वर्षं दार लावून बसत नाही! तुडवलेलं प्रेमच ते, कोयता होऊन दाराआड उभं होतं.

हसलात ना अण्णांना? हसा! पण या गावातही कमिटी आहे, आणि दारं तर घरोघरी आहेत. बुक्का लावायला सावकाश या. आधी घरी जाऊन दाराआड हात घालून बघा. परवा आपली जत्रा आहे. पोरी वाटेला लागल्या असतील.